‘युरोपात आता देश उरलेच नाहीत’? एकेक दावा तपासून

एक मजकूर कित्येक वर्षं फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: “युरोपने राष्ट्र ही कल्पनाच निकालात काढली. एक नागरिकत्व, एक पासपोर्ट, एक चलन, सीमा गायब. ८० टक्के कायदे ब्रसेल्सहून (म्हणजे युरोपीय संघाकडून) येतात. तिथले लोक आता स्वतःला फ्रेंच-जर्मन म्हणवत नाहीत, युरोपियन म्हणवतात. ब्रिटिशांनी वेळीच ओळखलं आणि बाहेर पडून आपली ओळख वाचवली.” कुणी हे कौतुकाने पुढे पाठवतं, कुणी भीती घालायला. माहिती दोघांचीही सारखीच कच्ची.

“एक नागरिकत्व, एक पासपोर्ट”

युरोपीय संघाचं नागरिकत्व संघाची स्थापना करणाऱ्या मास्ट्रिख्ट करारातून आलं. करार १९९२ चा, अंमल १ नोव्हेंबर १९९३ पासून. पण ते मिळवायचा अर्ज नाही आणि ते देणारं ऑफिसही नाही. संघाच्या २७ सदस्य देशांपैकी एखाद्याचं नागरिकत्व असलं की ते आपोआप चिकटतं; ते गेलं की हेही गळून पडतं. आज करारात स्पष्ट लिहिलेलं आहे की हे नागरिकत्व राष्ट्रीय नागरिकत्वाच्या जोडीला आहे, त्याची जागा घेणारं नाही. गंमत म्हणजे हे वाक्य मूळ मसुद्यात नव्हतं. जून १९९२ मध्ये डेन्मार्कच्या मतदारांनी ५०.७ टक्क्यांनी करारच फेटाळला. मग त्यांची समजूत काढायला डिसेंबरात एडिनबरोत लेखी खुलासे दिले गेले, पुढच्या मे महिन्यात दुसरं सार्वमत झालं आणि होकार मिळाला. ‘जागा घेणार नाही’ हा शब्दप्रयोग नंतर आम्स्टरडॅम करारातून मूळ कलमात आला.

आता पासपोर्ट. ‘युरोपीय पासपोर्ट’ नावाची वस्तू नाही. प्रत्येक देश आपापला देतो. कव्हरवर संघाचं नाव आणि देशाचं नाव, दोन्ही असतात. सगळ्यांचा रंग मरून असावा असं १९८१ मध्ये ठरलं, पण सक्ती नाही. क्रोएशियाचा पासपोर्ट गडद निळा आहे.

नागरिक कोण, हे देश ठरवतो. या नियमाची धार दोन्ही बाजूंनी लागते. मिकेलेत्ती नावाचा दंतवैद्य अर्जेंटिना आणि इटली या दोन्ही देशांचा नागरिक होता. त्याला स्पेनमध्ये दवाखाना थाटायचा होता. स्पेन म्हणालं, तू आधी राहत होतास अर्जेंटिनात, म्हणजे आमच्या लेखी तू अर्जेंटिनाचा. जुलै १९९२ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला: इटलीने त्याला आपलं म्हटलंय, तेवढं पुरे, दुसऱ्या देशाने वर आणखी अटी घालायच्या नाहीत. याच्या उलट टोक लात्व्हियात दिसतं. सोव्हिएत काळात तिथे स्थायिक झालेल्या लोकांपैकी आणि त्यांच्या वंशजांपैकी पुष्कळांकडे आजही ‘अ-नागरिक’ असा वेगळा दर्जा आणि वेगळा पासपोर्ट आहे. आयुष्य राजधानी रिगात गेलेलं असतं, देश संघाचा सदस्य असतो, तरी ही माणसं संघाची नागरिक नाहीत. युरोपीय संसदेसाठी त्यांना मत नाही आणि दुसऱ्या सदस्य देशात जाऊन नोकरी करण्याचा नागरिकांना असलेला हक्कही नाही. २०२० पासून जन्मणाऱ्या त्यांच्या मुलांना मात्र थेट लात्व्हियाचं नागरिकत्व मिळतं.

मतदानाचंही बघा. आयर्लंडमधल्या डब्लिनचा माणूस फ्रान्समधल्या लिआँला कायमचा राहायला गेला, तर तो तिथे नगरपालिकेला मत देऊ शकतो, नगरसेवकही होऊ शकतो. महापौर होऊ शकत नाही, कारण फ्रेंच राज्यघटनेने ते पद फ्रेंच नागरिकांसाठी राखून ठेवलं आहे. फ्रान्सच्या संसदेसाठी त्याला मत नाही. आणि आयर्लंड परदेशात स्थायिक झालेल्यांना संसदेच्या निवडणुकीत मत देऊ देत नाही. म्हणजे त्याच्यावर कर लावणाऱ्या किंवा त्याला पासपोर्ट देणाऱ्या, कुठल्याच राष्ट्रीय संसदेत त्याचं मत पोचत नाही. देश खरंच संपले असते तर हे त्रांगडं झालंच नसतं.

“एक चलन”

युरोची नाणी-नोटा १ जानेवारी २००२ ला हातात आल्या. डेन्मार्कने २००० मध्ये आणि स्वीडनने २००३ मध्ये सार्वमत घेऊन युरोला नकार दिला. पोलंड, चेकिया, हंगेरी आणि रोमानियाही अजून आपल्याच चलनावर आहेत.

पण खरा पुरावा खिशातच असतो. युरोच्या नाण्याची एक बाजू सगळीकडे सारखी, दुसरी देशाची: जर्मनीच्या एक-दोन युरोंवर गरुड, आयर्लंडच्या प्रत्येक नाण्यावर वीणेसारखं हार्प, ग्रीसच्या एक युरोवर अथेन्सचं घुबड, स्लोव्हेनियाच्या दोन युरोंवर कवी प्रेशेरेन. नोटांवर मात्र कुठल्याही देशाची खूण नको असं ठरलं, म्हणून कमानी, खिडक्या आणि पूल काल्पनिक काढले. रोमनपासून आधुनिकपर्यंत शैली खऱ्या, वास्तू एकही खरी नाही. मग नेदरलँड्समधल्या स्पाइकेनिसे गावाने त्या नोटांवरचे सातही पूल रंगांसकट खरोखर बांधून टाकले! कुणाचाच नसलेला पूल शेवटी एका गावाचा झाला. सामायिक ओळखीची अडचण याहून नेमकी क्वचितच कुणी दाखवली असेल.

“सीमा गायब”

शेंगेन म्हणजे आपसातल्या सीमांवर एरवी तपासणी न करणाऱ्या देशांचा गट. शेंगेन आणि संघ यांचे नकाशे एक नाहीत. नॉर्वे, स्वित्झर्लंड, आइसलंड आणि लिख्टेनश्टाइन संघात नसून शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड संघात असून बाहेर. अंतर्गत सीमांवर तात्पुरती तपासणी करण्याची मुभा देशांना आहे आणि ‘तात्पुरती’ बरीच ताणली जाते. फ्रान्सने नोव्हेंबर २०१५ पासून ती पुन्हापुन्हा वाढवली, जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या भू-सीमांवर लावली.

जाणं सोपं, राहणं सशर्त, हेही मजकुरात नसतं. संघाच्या नागरिकाला दुसऱ्या सदस्य देशात ३ महिने केवळ ओळखपत्रावर राहता येतं. त्यापुढे नोकरी किंवा व्यवसाय हवा, नाहीतर पुरेसं उत्पन्न आणि पूर्ण आरोग्य विमा दाखवावा लागतो. सलग ५ वर्षं कायदेशीर वास्तव्य झालं की मग या अटी सुटतात.

“८० टक्के कायदे ब्रसेल्सहून”

हा आकडा कुठल्या मोजणीतून आलेला नाही. जुलै १९८८ मध्ये युरोपीय आयोगाचे (कायदे प्रस्तावित करणाऱ्या कार्यकारी मंडळाचे) तेव्हाचे अध्यक्ष झाक देलोर युरोपीय संसदेत म्हणाले होते की १० वर्षांत आर्थिक कायद्यांपैकी, कदाचित कर आणि सामाजिक कायद्यांपैकीही, ८० टक्क्यांचा उगम युरोपीय पातळीवर असेल. तो अंदाज होता, तोही आर्थिक कायद्यांपुरता. ‘आर्थिक’ गळालं, ‘कदाचित’ गळालं, अंदाजाची आकडेवारी झाली. ब्रिटिश संसदेच्या ग्रंथालयाने २०१० मध्ये हा प्रश्न तपासला तेव्हा मोजायच्या पद्धतीनुसार साधारण १५ ते ५० टक्के, काहीही सिद्ध करता येतं असं दिसलं. लेबलवरच्या अक्षराचा आकार ठरवणारा नियम आणि अख्खा फौजदारी कायदा, दोन्ही यादीत ‘एक’ म्हणूनच मोजले तर दुसरं काय होणार?

इथे मजकुरात थोडं तथ्य आहे, तेही सांगायला हवं. संघाचा अधिकार आहे त्या क्षेत्रात संघाचा कायदा देशाच्या कायद्याच्या वर असतो. हे तत्त्व १९६४ चं, तेही मिलानमधल्या कोस्ता नावाच्या माणसाने विजेचं १,९२५ लिरांचं बिल भरायला नकार दिला त्या खटल्यातून आलेलं. पण करआकारणी आणि परराष्ट्र धोरण यांत आजही जवळपास प्रत्येक निर्णयाला सगळ्या देशांचा होकार लागतो. संघाचं स्वतःचं सैन्य नाही. शाळेत काय शिकवायचं हे देश ठरवतो. आणि जर्मनीच्या घटना न्यायालयाने जून २००९ मध्ये बजावलं की जर्मन राज्यघटनेचा गाभा संघाला हात लावता येणार नाही असा आहे.

“लोक स्वतःला युरोपियन म्हणवतात”

हे विचारलं जातं, नियमित. युरोबॅरोमीटर या संघाच्या जनमत पाहणीत चार पर्याय असतात: फक्त आपल्या देशाचे; आधी देशाचे मग युरोपियन; आधी युरोपियन मग देशाचे; फक्त युरोपियन. वर्षानुवर्षांचं चित्र असं: निम्म्याच्या वर दुसरा पर्याय, साधारण एक तृतीयांश पहिला. शेवटचा पर्याय निवडणारे २-३ टक्क्यांच्या आसपास.

लबाडी बेरजेत होते. शेवटचे तीन पर्याय एकत्र केले की ‘बहुसंख्य युरोपियन’ असा मथळा तयार. पहिले दोन एकत्र केले की ‘राष्ट्रच पहिलं’. आकडे तेच. शिवाय ‘तुम्ही संघाचे नागरिक आहात असं वाटतं का?’ असं स्वतंत्रपणे विचारलं तर अलीकडे दहांतले सातच्या आसपास हो म्हणतात. त्या ‘हो’मध्ये देश सोडल्याची कबुली नसते. दोन ओळखींत एकच निवडायला लावणारा प्रश्नच मुळात बहुतेकांच्या डोक्यात नसतो.

“ब्रिटिशांनी ओळख वाचवली”

ब्रिटन कधी युरोत नव्हतं, शेंगेनमध्ये नव्हतं आणि स्वतःला ‘फक्त ब्रिटिश’ म्हणवणारे तिथे अनेक वर्षं निम्म्याहून जास्त होते. वाचवायला काही धोक्यात होतं असं यातून दिसत नाही. ब्रिटनचा जुना निळा पासपोर्ट परत आणायला संघातून बाहेर पडावं लागलं असं काहीजण म्हणतात, तेही खोटं. क्रोएशियाकडे आतच आहे.

गमावलं काय, ते एका खटल्यात दिसलं. १९८४ पासून फ्रान्समध्ये राहणारी, फ्रेंच माणसाशी लग्न केलेली एक ब्रिटिश बाई. तिने फ्रेंच नागरिकत्व कधी घेतलं नव्हतं, गरजच पडली नव्हती. ब्रिटन बाहेर पडल्यावर तिचं नाव नगरपालिकेच्या मतदारयादीतून निघालं. ब्रिटनमध्येही मत नव्हतं, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे १५ वर्षं परदेशात काढलेल्यांचा तो हक्क जायचा. ती फ्रेंच न्यायालयात गेली: संघाचं नागरिकत्व माझ्याकडे राहू द्या. त्या न्यायालयाने प्रश्न युरोपीय न्यायालयाकडे पाठवला. जून २०२२ मध्ये निकाल लागला. सदस्य देशाचं नागरिकत्व नाही, म्हणून संघाचंही नाही. पुन्हा युरोपीय नागरिक व्हायचं तर तिला एखाद्या सदस्य देशाचं नागरिकत्व घ्यावं लागणार होतं. तिच्या बाबतीत म्हणजे फ्रेंच व्हावं लागणार होतं.