हळदीचं दूध आणि 2.4 गिगाहर्ट्झ

बुधवारी सकाळी अकरा वाजता माझं तोंड उघडं राहतं. मी ठेवत नाही, इंटरनेट ठेवतं. आठवड्याच्या मीटिंगमध्ये तावातावाने बोलताना मी नेमकी अशा क्षणी थिजते, की डावा डोळा अर्धा मिटलेला, ओठांचा चंबू आणि एक हात हवेत. टीममधल्या एका आगाऊ पोराने त्याचा स्टिकर बनवलाय. वाढदिवसाला मला निम्म्या लोकांकडून तोच येतो.

इंटरनेटवाल्यांना फोन केला की एकच मंत्र: "मॅडम, राउटर बंद करून चालू करा." तो मी इतक्यांदा जपला की बटणावरचा रंग गेला. शेवटी त्यांचा मुलगा घरी आला. दोनदा आला आणि दोन्ही वेळा नेट सुतासारखं सरळ. दवाखान्याच्या पायरीवर दाढ दुखायची थांबते ना, तसं.

तिसऱ्यांदा तो आला अकराच्या ठोक्याला. मोबाइलवर स्पीड मोजत हॉलमध्ये उभा. आकडा 48. आमचे सासरे स्वयंपाकघरात गेले. खोकल्यासाठी त्यांना रोज अकराला हळदीचं दूध लागतं आणि गॅसवर ते उतू घालवतात, म्हणून मायक्रोवेव्ह. घुर्रर्र. आकडा 30, 11, 2. टिंग! परत 48.

मुलाने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे.

"काका, परत एकदा लावा हो."

बाबांना आयुष्यात पहिल्यांदा कुणी दूध तापवायचा आग्रह करत होतं. त्यांनी सात वेळा लावलं. सातव्या वेळेपर्यंत कपात जवळजवळ बासुंदी झाली होती आणि गुन्हेगार सापडला होता.

झालंय असं, की आमचा मायक्रोवेव्ह आणि आमचं वायफाय एकाच गल्लीत राहतात: दोघांच्याही रेडिओ लहरी 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या. राउटरचा आवाज वॅटच्या दहाव्या हिश्शाएवढा. मायक्रोवेव्हच्या पोटात 800 वॅट धडधडतायत. दाराच्या कडेतून त्यातलं कणभर बाहेर झिरपतं. माणसाला त्याने काही होत नाही, पण बिचाऱ्या राउटरसाठी ते म्हणजे ढोल-ताशा पथकाच्या मधोमध उभं राहून कुणाच्या तरी कानात गॅसचा ओटीपी सांगण्यासारखं. बरं, वायफायवर संस्कार आहेत. आधी ऐकायचं, दुसरं कुणी बोलत नसेल तरच बोलायचं. मायक्रोवेव्ह ऐकतच नाही. आमच्या सोसायटीचे चेअरमन.

त्या रात्री झोप उडाली म्हणून मी या सगळ्यांची कुंडली काढत बसले. मायक्रोवेव्हचा मूळपुरुष पर्सी स्पेन्सर, अमेरिकेत रडारच्या नळ्या बनवणारा इंजिनिअर. नळीपाशी उभा असताना खिशातलं चॉकलेट विरघळलं, अशी गोष्ट सांगतात. आपण असतो तर आधी पँट कशी धुवायची ते बघितलं असतं. त्याने 1945 मध्ये पेटंटचा अर्ज केला. वायफायची कथा तर आणखी तिरपागडी. ऑस्ट्रेलियातले जॉन ओ'सलिव्हन फुटणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांचे रेडिओ संदेश शोधत होते. ते मिळाले नाहीत. पण अंधुक संदेश निवडायचं त्यांचं गणित पुढे घरातल्या भिंतींवर आपटून येणाऱ्या प्रतिध्वनींचा गुंता सोडवायला कामी आलं. 1996 मध्ये पेटंट मिळालं आणि त्यावर त्यांच्या संस्थेने 40 कोटींहून जास्त ऑस्ट्रेलियन डॉलर वसूल केले. म्हणजे कृष्णविवराच्या आवाजावर मात केलेली विद्या आमच्या कपभर दुधापुढे हात टेकते.

माझं खरं दुखणं वेगळंच होतं. मी थिजलेली असताना बाबांचं कीर्तन अखंड चालू असतं. फोनमध्ये भरून ठेवलेलं, ब्लूटूथ स्पीकरवर, तेही मायक्रोवेव्हच्या डोक्यावर ठेवून. ब्लूटूथही त्याच गल्लीतलं! मग बुवांचा आवाज का फाटत नाही?

याचं उत्तर आहे हॉलिवूडची नटी. हेडी लमार. तिने आणि जॉर्ज अँथाइल नावाच्या संगीतकाराने 1942 मध्ये अमेरिकेत पेटंट मिळवलं: पाणतीराला रेडिओने हुकूम द्यायचे, पण एका जागी थांबून नाही, सतत लहरी बदलत, म्हणजे शत्रूला अडवता येणार नाही. लहरी किती, तर 88. पियानोच्या पट्ट्या तेवढ्या म्हणून. आरमाराने ते कागद बाजूला ठेवले, पेटंटची मुदत संपली, बाईंना त्यातून पैसा मिळाला नाही. तीच उड्या मारायची युक्ती ब्लूटूथ वापरतं: 79 जागा, सेकंदाला 1600 उड्या, आणि जिथे गोंगाट आहे त्या जागा टाळून. पाणतीर राहिले बाजूला, आमच्याकडे तिच्या युक्तीने बुवा तरतात.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. त्यांनी पाणतीर, कृष्णविवर सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि हळदीचं पेटंट?"

"ते अमेरिकेने 1995 मध्ये दिलं होतं, जखमेवर लावण्यासाठी."

"दिलं होतं! आणि आपल्या माशेलकरांनी 1997 मध्ये रद्द करायला लावलं!" असं म्हणून त्यांनी कप असा उंचावला, जणू ते दूध स्वतःच सोडवून आणलंय.

राउटरला 5 गिगाहर्ट्झचीही सोय आहे, पण त्या लहरींना भिंती सोसत नाहीत आणि माझी खोली दोन भिंतींपलीकडे. दूध दहा वाजता घ्या म्हटलं तर बाबा म्हणाले, "खोकला अकराला येतो." तेव्हा तोडगा निघाला तो घरगुती. मीटिंग असेल तर दाराच्या कडीला लाल पंचा. पंचा दिसला की दूध थांबेल. पंचा काढला की घुर्रर्र.

बाबांच्या डोक्यात लगेच पेटंट. शंकर आबाजी भिशांनी अमेरिकेत जाऊन शोध लावले, आपण निदान पंचा तरी नोंदवू. फुलस्केपवर मसुदा सुरू झाला: "सदर शोधात एक (1) लाल पंचा..." नवऱ्याने सांगितलं, शोध नवा असावा लागतो, आणि लाल झेंडी रेल्वे केव्हापासून दाखवतेय. बाबा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. मसुदा मात्र फ्रिजवर चुंबकाखाली आहे.

परवा बुधवारी पंचा कडीलाच होता. सव्वाअकराला साहेबांनी चष्मा काढला, म्हणजे काहीतरी महाग पडणार. "शनिवारी रिलीज आहे. कोण थांबेल?" सगळे खाली बघू लागले. साहेबांची नजर चौकोनांवरून सरकत सरकत माझ्या चौकोनाकडे यायला लागली.

मी माइक बंद केला, खुर्ची मागे ढकलून हात लांबवला आणि कडीवरचा पंचा ओढला.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "एक मिनिट लावू की दीड?"

"पाच लावा, बाबा!"