फाटकासमोरचा हेक्झेन

परवा रविवारी सदाशिव पेठेत एका आजोबांनी मला, माझ्या स्कूटरला आणि हेक्झेनला एका दमात झापलं. अजून डोक्यातून जात नाही.

मुलीचा क्लास सुटायचा होता. एका फाटकासमोर स्कूटरवर बसून मी तिच्या रसायनशास्त्राच्या जुन्या वहीत हेक्झेन या संयुगाचे समघटक काढत होतो. सहा कार्बन, चौदा हायड्रोजन, फक्त जोडणी वेगळी. मी सात काढले. शेजारच्या बाबांचे चारच निघाले होते, त्यामुळे मी खुशीत होतो.

"गाडी काढा," मंडईची पिशवी घेतलेले आजोबा म्हणाले. मग वहीत डोकावले. "सात? पाच असतात."

"नीट मोजलेत मी."

आजोबांनी पिशवीतून शेवग्याची शेंग काढून माझ्याच सीटवर ठेवली. "हे पाच फुगवटे म्हणजे पाच कार्बन." दुसऱ्या शेंगेचा तुकडा मोडून त्यांनी दुसऱ्या फुगवट्याला टेकवला. "हा तुमचा तिसरा." मग अख्खी मांडणी उलटी फिरवली. "आणि हा सहावा! कुमठेकर रस्त्याने आलात काय नि लक्ष्मी रस्त्याने काय, घर तेच ना? आकडे जवळच्या टोकाकडून मोजायचे." तुकडा त्यांनी टोकाला लावला. "हा सातवा. फाटा फुटला की शेंग लांबली?"

शेंग लांबली होती. एव्हाना बघायला चार पालक जमले होते. चारवाले बाबा तर पुढेच सरकले.

"कुठल्या शाळेत होता हो?" आजोबांनी मला विचारलं.

याचा हेक्झेनशी काय संबंध? फी मी भरायची, उन्हात मी तिष्ठायचं आणि परीक्षाही माझीच! आजोबा मात्र रंगात आले होते. पाच कार्बनांच्या पेंटेनचे समघटक तीन, आठांच्या ऑक्टेनचे १८, दहांच्या डेकेनचे ७५. "सरळ पेंटेन ३६ अंशांना उकळतो, त्याचाच गोळा होऊन बसलेला समघटक निओपेंटेन साडेनऊलाच." मी त्याच्याही आधी उकळलो होतो.

"दोन शेंगा वाया गेल्या," म्हणत त्यांनी तुकडे माझ्या हातात कोंबले. "आमटीत घाला. आणि गाडी?"

मी निमूटपणे स्कूटर वळवली, तोंड टिळक रस्त्याकडे केलं आणि स्टँडवर लावली.

आजोबांनी चष्म्यावरून बघितलं. "फिरवलीत. काढली नाहीत."