हिस्टेरियाचा खरा उपचार: अंथरूण आणि दूध

हिस्टेरिया, म्हणजे तपासणीत कारण न सापडणारे झटके, लुळेपणा वगैरेंना पूर्वी दिलेलं नाव. त्याचा विषय निघाला की एक किस्सा हमखास शेअर होतो. व्हिक्टोरियन काळातले डॉक्टर हिस्टेरियाच्या बायकांना हाताने 'तृप्त' करायचे, हात दुखायला लागले म्हणून त्यांनी व्हायब्रेटर शोधला, वगैरे. चटकदार आहे म्हणून टिकलाय, पुरावा नाही. इतिहासकार रेचल मेन्स यांच्या १९९९ च्या पुस्तकातून तो पसरला. २०१८ मध्ये हॅली लीबरमन आणि एरिक शॅट्झबर्ग यांनी त्या पुस्तकाचे संदर्भ मुळातून तपासले, तेव्हा त्यांतून हा दावा सिद्ध होत नव्हता. ज्या इंग्रज डॉक्टर मॉर्टिमर ग्रॅनव्हिलला यंत्राचं श्रेय देतात, त्याने १८८३ मध्ये स्वतःच लिहून ठेवलंय की स्त्री रुग्णांवर हे यंत्र वापरायचं आपण टाळलं!

खोटं आहे याचा त्रास कमीच. या गमतीमुळे खरोखर काय केलं जायचं ते झाकलं जातं, त्याचा जास्त होतो.

जुने उपाय वासाचे होते. गर्भाशय वर सरकतं आणि छाती-घसा दाबतं अशी ग्रीक समजूत. म्हणून नाकाशी घाण वास द्यायचा आणि खाली सुगंधी धुरी, म्हणजे ते खाली उतरेल. या समजुतीतून आलेला हिंग एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपात हिस्टेरियावरचं नेहमीचं औषध होता, अर्काच्या रूपात. (फीट आली की नाकाशी कांदा धरणाऱ्यांनी ग्रीकांना फार हसू नये.)

मग शस्त्रं आली. लंडनचा शल्यचिकित्सक आयझॅक बेकर ब्राउन योनिलिंग (क्लिटॉरिस) कापायचा. १८६७ मध्ये प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने त्याला काढून टाकलं, पण वादाचा मोठा भाग रुग्णाला आणि नवऱ्याला न सांगता शस्त्रक्रिया केली का, यावर होता. १८७२ पासून अमेरिकेत रॉबर्ट बॅटीच्या नावाने निरोगी बीजांडकोश काढण्याची लाट आली. पॅरिसमध्ये मज्जातज्ज्ञ शार्को झटका थांबवायला बीजांडकोशावर बाहेरून दाब द्यायचा, त्यासाठी स्क्रूचा पट्टाही होता.

पण सुशिक्षित, खात्यापित्या घरांत सर्वात प्रतिष्ठित ठरला तो फिलाडेल्फियाच्या डॉक्टर सायलस वेअर मिचेलचा 'रेस्ट क्युअर'. १८७७ च्या पुस्तकात त्याने कृती तपशिलाने दिली आहे. बाई घरापासून तोडायची. नातेवाईक नाहीत, पत्रं नाहीत, परकी नर्स. सहा आठवडे ते दोन महिने अंथरूण. पहिले चार-पाच आठवडे उठून बसायचं नाही, शिवण नाही, वाचन-लेखन नाही. सुरुवातीला नुसतं दूध, दर दोन तासांनी तीन-चार औंस, म्हणजे साधारण १०० मिली. वाढवत वाढवत दिवसाला दोन लिटरच्या आसपास. आठवडाभराच्या आत हलका नाश्ता, मग मटण चॉप, आणि दहा दिवसांनी तीन भरपेट जेवणं, वर दूध चालूच. कच्च्या गोमांसाचं सूपही होतं: एक पौंड बारीक मांस, एक पिंट पाणी, हायड्रोक्लोरिक आम्लाचे पाच थेंब, रात्रभर बर्फावर, सकाळी कोमट पाण्यात दोन तास, गाळून दिवसातून तीनदा.

आता पडून राहिलं की स्नायू वाळतात, हे मिचेलला चांगलं ठाऊक होतं. म्हणून रोज मालीश, पावलांपासून सुरू करून तासभरापर्यंत, आणि विजेचे सौम्य धक्के देऊन स्नायू आकुंचन पावायला लावायचे. बाईने स्वतः हलायचं सोडून बाकी सगळं!

गुण यायचाच नाही असं नाही. मिचेलच्या अनेक रुग्ण हडकलेल्या, पांढऱ्याफटक होत्या. अशा बाईच्या पोटात रोज दोन लिटर दूध गेलं तर वजन वाढणारच. पण श्रेय मिळालं ते एकांताला आणि आज्ञापालनाला. जिचा आजार उपासमारीचा नव्हता तिला हाच एकांत जाचायचा. अमेरिकन लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन यांनी १८८७ मध्ये हा उपचार घेतला. पुढे घरकामात राहा, बौद्धिक काम दिवसाला दोन तासच, लेखणीला हात लावू नका, असा सल्ला मिळाल्याचं त्यांनी लिहिलंय. तो पाळता पाळता त्या वेड लागण्याच्या टोकाला गेल्या, आणि पाळणं सोडल्यावर सावरल्या.

१९८० मध्ये अमेरिकन मानसोपचाराच्या वर्गीकरणातून हिस्टेरिया हे निदान गेलं. लक्षणं कुठेही गेली नाहीत. आज त्यांना फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर (मज्जासंस्थेची रचना ठीक, काम बिघडलेलं) म्हणतात आणि निदान 'रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे मनाचं' असं करायचं नसतं, तपासणीतल्या ठोस खुणांवरून करायचं असतं. १९०८ मध्ये वर्णिलेली हूवरची खूण बघा. कमजोर पायाची टाच खाली दाबायला सांगा, जोर लागत नाही. मग दुसरा पाय तुमच्या हाताच्या विरोधात वर उचलायला सांगा, तीच 'कमजोर' टाच आपोआप जोरात दाबली जाते. म्हणजे मेंदूपासून पायापर्यंतची वाट शाबूत आहे, हेतुपुरस्सर हालचाल अडते. हे नाटक पकडणं नव्हे. रुग्णाला ते दाखवायचं असतं, कारण पाय चालू शकतो हे तिला स्वतःला जाणवतं.

फिजिओथेरपी यावरच उभी आहे. अवयवावरचं लक्ष हटवायचं, उलटं चालायला लावायचं, ठेक्यावर पाय टाकायला सांगायचं, पट्टे आणि काठ्या शक्यतो टाळायच्या. मिचेलच्या अगदी उलट. आपल्याकडे मात्र 'सगळं नॉर्मल आहे, घरी जा, आराम करा' एवढंच ऐकून बाई परत येते, आणि घरचे तिला अंथरुणावरून उठू देत नाहीत.