गुळाने धूर निघत नाही, मामा

माझा मामा पुण्यात रिक्षा चालवतो, स्वारगेट-कात्रज पट्ट्यात, आणि त्याला शुगर आहे. हल्ली मास्क सोडून रोज रात्री गुळाचा खडा खातोय, कारण फॅमिली ग्रुपवर आलं की गाडीच्या धुराचं विष गूळ बाहेर काढतो, मास्कची गरज नाही, काळा धूर दिसला तरच घातक, आणि आपल्या आज्या चुलीपुढे बसून नव्वदीला पोचल्या. खाली लिहिलंय, करून बघायला काय जातंय! जात काही नाही, शुगर चढते.

अहो, गूळ पोटात जातो, धूर फुफ्फुसात, दोघांची गाठ पडणार कुठे? आणि नुसती काजळी असती तर एक वेळ ठीक, डिझेलच्या काजळीला पीएएच नावाची तेलकट रसायनं चिकटलेली असतात, ती फुफ्फुसात सुटून रक्तात उतरतात आणि शरीर त्यांना बाहेर टाकायच्या खटपटीत त्यांचं असं काही करून ठेवतं की ती थेट डीएनएला जाऊन चिकटतात. त्यातलं बेंझो-ए-पायरीन आयएआरसीच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या, यादीत माणसाला कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात आहे, डिझेलचा धूरही 2012 पासून तिथेच. यावर गूळ?

बरं, गुळाची गोष्ट अगदीच हवेतली नाही, एवढं मान्य करावं लागतं. लखनौच्या सरकारी विषशास्त्र संस्थेचा 1994 चा एक पेपर आहे, त्यात गूळ दिलेल्या उंदरांच्या फुफ्फुसातून कोळशाचे कण जास्त हलले. पण हलून गेले कुठे, तर श्वासनलिकेजवळच्या लसीका गाठींत! म्हणजे शरीरातच. आणि ती खाणीतली धूळ होती, कोळसा आणि सिलिका, ट्रॅफिकचा धूर नव्हे.

काळ्या धुराचं म्हणाल तर इंजिनातून निघणारे बहुतेक कण डोळ्याला दिसतच नाहीत. आपल्याच देशाच्या हवेच्या 2009 च्या मानकांत बेंझो-ए-पायरीनची वर्षाची सरासरी मर्यादा घनमीटरला 1 नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, आहे, ते काय डोळ्यांनी मोजणार?

चुलीच्या धुरात हीच रसायनं असतात, खरंय, पण ज्यांच्या आज्या खोकून खोकून गेल्या ते असले मेसेज लिहीत नाहीत.

राहिला मास्क. रुमालाने फारसं काही अडत नाही, कबूल. नीट बसलेला एन95 कण अडवतो, कणाला चिकटलेलं अडवतो, वायूरूपातलं सुटतंच. मामाला तोच आणून दिलाय आणि सांगितलंय, सिग्नलला टेम्पोच्या सायलेन्सरमागे रिक्षा लावत जाऊ नकोस.