फट डोळ्याने बुजवू नका, मोजा

लेगोच्या ब्रिकची मॉडेल संगणकावर करणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो आहे आणि नवे शिकणारे तो जसाच्या तसा उचलतात. त्याचा मथितार्थ असा: तुकडे जुळत नाहीत हा सॉफ्टवेअरचा दोष असतो. ग्रिड, म्हणजे तुकडा ज्या टप्प्यांनी सरकतो ती जाळी, सगळ्यात बारीक करा आणि तुकडा डोळ्याने सरकवून बसवा. तिरक्या भागाचा कोन जुळेपर्यंत आकडे टाकत राहा. उरलेली फट खऱ्या ब्रिक जोडताना प्लास्टिक सांभाळून घेते. आणि टक्कर-तपासणी (तुकडे एकमेकांत घुसले की दाखवणारी सोय) बंदच ठेवा, ती फक्त अडवते.

यातल्या एक-दोन विधानांत थोडे तथ्य आहे, ते मी मान्य करीन. पण हा सल्ला एकंदरीत घातक आहे, कारण तो शिकणाऱ्याची मोजण्याची सवयच मोडतो. मी स्वतः सुरुवातीला याच मार्गाने गेलो होतो, त्यामुळे तो कुठे नेऊन सोडतो ते मला ठाऊक आहे.

दोष सॉफ्टवेअरचा?

बहुतेक वेळा नाही. स्टुडिओ, एलडीकॅड या प्रोग्रॅमच्या मुळाशी एलडीरॉ ही पद्धत आहे. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स जेसिमन यांनी ती १९९५ मध्ये तयार केली. तिची मापे अशी: एका स्टडच्या (ब्रिकच्या माथ्यावरच्या गोल उंचवट्याच्या) केंद्रापासून शेजारच्या स्टडच्या केंद्रापर्यंत २० एकक, ब्रिकची उंची २४, प्लेटची, म्हणजे पातळ तुकड्याची, ८, स्टडचा व्यास १२. या एककाला एलडीयू म्हणतात आणि एक एलडीयू म्हणजे ०.४ मिमी. स्टडमधले ८ मिमी अंतर, ब्रिकची ९.६ मिमी उंची, प्लेटची ३.२ मिमी जाडी, सगळे पूर्णांकात बसते. सरळ बांधणीत सॉफ्टवेअरला चुकायला जवळजवळ वावच राहत नाही.

अपवाद एक. २०२२ मध्ये लेगो कंपनीने मागे घेतलेल्या डिजिटल डिझायनर या प्रोग्रॅमच्या जुन्या फायली दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडल्या की काही तुकडे सरकलेले किंवा फिरलेले दिसतात. दोन्हीकडे तुकड्याचा मूळबिंदू, म्हणजे ज्यावरून त्याची जागा मोजतात तो बिंदू, वेगळ्या ठिकाणी धरलेला असतो, म्हणून हे होते. तिथे दोष तुमचा नाही. तो तुकडा काढून नव्याने लावा आणि पुढे चला.

ग्रिड बारीक करून डोळ्याने बसवा?

माझा सगळ्यात मोठा आक्षेप या सल्ल्यावर आहे, कारण फट ही माहिती असते. तिला एक आकडा असतो, आणि तो आकडा बहुतेक वेळा चूक कुठे झाली ते सरळ सांगतो. डोळ्याने सरकवले की फट दिसेनाशी होते, चूक मात्र तिथेच राहते.

मी एका इमारतीचा दर्शनी भाग करत होतो. दोन खांबांमध्ये चार स्टड रुंदीची मोकळी जागा होती, तिच्यात ब्रिक आडव्या झोपवून नक्षी भरायची होती. तीन ब्रिक घातल्या, दोन्ही बाजूंना जरा जरा फट राहिली. मी ग्रिड बारीक केली, तिन्ही ब्रिक मधोमध आणल्या आणि चित्र छान दिसले म्हणून पुढे गेलो. खऱ्या ब्रिक घेऊन बसलो तेव्हा तो भाग कशालाच धरत नव्हता. हात लागला की सगळा पट्टा एका बाजूला घसरायचा. गणित अगदी सोपे होते. चार स्टड म्हणजे ८० एलडीयू. झोपवलेल्या ब्रिकची २४ ची उंची आडवी मोजली जाते, म्हणून तीन ब्रिक म्हणजे ७२. उरले ८, म्हणजे बरोबर एक प्लेट. तीन ब्रिक आणि एक प्लेट घातली असती तर जागा तंतोतंत भरली असती. फट दोन बाजूंना चार-चार अशी वाटून मी ती खूणच पुसून टाकली होती.

झोपवलेल्या तुकड्यांचे सगळे काम एका नात्यावर चालते: पाच प्लेटची जाडी म्हणजे दोन स्टडची रुंदी. दोन्हीकडे ४० एलडीयू, १६ मिमी. हे नाते पाठ असेल तर निम्म्या फटी निर्माणच होत नाहीत.

उरलेल्या फटींचे आकडेही ओळखीचे होतात. फट ८ असेल तर कुठेतरी एक प्लेट कमी किंवा जास्त आहे. १० असेल तर अर्धा स्टड सरकला आहे. बहुधा मधोमध एकच स्टड असलेली जंपर प्लेट एका बाजूला लावली आणि दुसऱ्या बाजूला विसरली. ४ असेल तर मात्र थोडे थांबून विचार करावा लागतो, कारण अर्ध्या प्लेटची ही फट अनेक वाटांनी येते. बाजूला स्टड असलेल्या दोन छोट्या ब्रिक सर्रास एकमेकींच्या जागी वापरल्या जातात, तुकडा क्रमांक ४०७० आणि ८७०८७. पहिलीला हेडलाइट ब्रिक म्हणतात. तिच्या बाजूचा स्टड अर्धी प्लेट आत असतो, म्हणून त्यावर लावलेली प्लेट भिंतीच्या बाहेर फक्त ४ एलडीयू येते. दुसरीवर लावलेली पूर्ण ८ बाहेर येते. एका भिंतीत या दोन्ही मिसळल्या की दर्शनी पृष्ठभाग ४ ने वरखाली होणारच. कोनी पट्टीचा, म्हणजे ब्रॅकेटचा पत्राही अर्ध्या प्लेटइतकाच जाड असतो, तोही हीच फट देतो.

उभ्या दिशेतली ४ ची फट वेगळी. दोन्ही ब्रिकमध्ये बाजूच्या स्टडचे केंद्र वरून १० आणि खालून १४ वर असते. झोपवलेली एका स्टडची प्लेट वरच्या कडेला बरोबर येते आणि खाली अर्धी प्लेट मोकळी राहते. म्हणून मी आकड्याबरोबर फटीची दिशाही लिहून ठेवतो. आकडा आणि दिशा मिळून कारण एकावर येते.

टेक्निकच्या, म्हणजे पिन घालून जोडायच्या तुकड्यांच्या, भोकांचेही असेच. भोकवाल्या ब्रिकमध्ये भोक उंचीच्या मधोमध असेल असे वाटते, पण ते वरून १० वर असते, १२ वर नाही. अशा दोन ब्रिक थेट एकावर एक ठेवल्या तर भोकांमध्ये २४ अंतर पडते आणि भोकांची उभी पट्टी लावायला ४० किंवा २० हवे असते. मध्ये दोन प्लेट घाला: २४ अधिक १६, झाले ४०. पट्टी बिनबोभाट बसते. इथे कोणी ग्रिड बारीक करून पट्टी ४ ने ढकलली तर पडद्यावर पिन भोकात दिसेल. खऱ्या पिनला तसे जमणार नाही.

आणि फट ३.७ किंवा ०.०२ अशी वेडीवाकडी आली तर? मग चूक या जागी नाही. आधी केव्हातरी कोणीतरी हाताने ढकलले आहे किंवा कोन बिनसला आहे. तिथवर मागे जा, इथे काही दुरुस्त करू नका. आकडे पाहायचे कसे, हा प्रश्न मला वारंवार विचारतात. एलडीरॉची फाईल साधा मजकूर असते, कुठल्याही मजकूर-संपादकात उघडते. १ ने सुरू होणारी प्रत्येक ओळ म्हणजे एक तुकडा: पुढे रंग, मग जागेचे तीन आकडे, मग फिरवण्याचे नऊ, शेवटी तुकड्याचे नाव. स्टुडिओतूनही या स्वरूपात फाईल काढता येते. एवढे लक्षात ठेवा की एलडीरॉमध्ये उंचीचा आकडा खाली जाताना वाढतो. पहिल्यांदा पाहणारा इथे हमखास गोंधळतो.

कोन जुळेपर्यंत आकडे टाकत राहा?

तिरकी भिंत दोन्ही टोकांना स्टडवर बसायची असेल तर कोन निवडण्याचे स्वातंत्र्य आपल्याला नसतेच. तो त्रिकोणाने ठरतो. ३-४-५ चा काटकोन त्रिकोण घ्या. बाजू मोजायच्या त्या स्टडच्या केंद्रापासून केंद्रापर्यंत, म्हणजे ३ च्या बाजूवर स्टड चार येतात. इथे कोन ३६.८७ अंश. अंदाजाने ३७ टाकला तर जवळून काही कळत नाही, पण २५ स्टड लांबीच्या भिंतीच्या टोकाला ती १.१ एलडीयूने चुकते. मग तो शेवटचा तुकडा पुन्हा डोळ्याने सरकवायचा, आणि फेरा सुरू.

या त्रिकोणात मला फार आवडणारी एक गोष्ट आहे. फिरवण्याच्या नऊ आकड्यांत त्याचे ०.८ आणि ०.६ येतात, बाकी शून्य आणि एक. दशांशाची शेपूटच नाही, त्यामुळे छाटाछाटीची चूकही नाही. ४५ अंशाला मात्र ०.७०७१०७ असा कुठेतरी तोडलेला आकडा येतो. वळवलेला भाग पुन्हा वळवला, मग आणखी एकदा, की या तोडलेल्या शेपट्या साठत जातात.

त्यावर उपाय अंदाजाचा नाही, रचनेचा आहे. तिरका भाग आधी वेगळ्या उपमॉडेलमध्ये सरळ बांधा. तिथे सगळे आकडे पूर्णांक राहतात आणि जुळणी बिनचूक होते. मग ते उपमॉडेल मुख्य मॉडेलमध्ये आणून एकदाच फिरवा. पुढे कोन बदलावासा वाटला तर फिरवलेल्यावर आणखी फिरवू नका. ते परत सरळ करा आणि नवा कोन द्या. फिरवण्याचा अक्ष बिजागरीच्या खिळीवर असला पाहिजे, हेही पाहा. प्रोग्रॅम बहुधा तुकड्याच्या मूळबिंदूभोवती फिरवतो, आणि एलडीरॉमध्ये साध्या ब्रिकचा मूळबिंदू तिच्या माथ्याच्या मध्यावर असतो. बिजागरी असते दुसरीकडेच. कोन बरोबर टाकूनही भाग बाजूला गेला अशी तक्रार ऐकली की मी आधी अक्ष कुठे आहे ते विचारतो.

प्लास्टिक सांभाळून घेते?

काही अंशी घेते. खरी ब्रिक पूर्ण ८ मिमी रुंद नसते, एका स्टडची ब्रिक ७.८ मिमी भरते. प्रत्येक बाजूला ०.१ मिमी सूट. टप्प्याटप्प्याने टक-टक वळणाऱ्या बिजागरीचा एक टप्पा २२.५ अंशांचा आणि ५-१२-१३ त्रिकोणाचा कोन २२.६२ अंशांचा. १३ स्टडच्या टोकाला फरक पडतो साधारण ०.२ मिमी. तो खऱ्या बांधणीत खपतो, मी खपवतो. पण ४५ अंशात ५ आणि ५ च्या कर्णाला ७ मानले तर फरक ०.५७ मिमी. तो खपत नाही, जोड ताणला जातो. त्याऐवजी १२ आणि १२ ला १७ घ्या, फरक ०.२४ मिमीवर येतो.

शिवाय ही सूट स्टडमागे नसून तुकड्यामागे असते. आठ स्टडची अखंड ब्रिक ६३.८ मिमी, म्हणजे सूट एकदाच. तीच लांबी एक-एक स्टडच्या आठ ब्रिकनी केली तर सूट आठ वेळा मिळते. म्हणून छोट्या ब्रिकची उंच भिंत हलके वाकवून गोल करता येते आणि लांब ब्रिकची येत नाही. उंचीत तर अशी सूट नाहीच: ब्रिक ९.६, दहा ब्रिक ९६.

उलटेही घडते. शेजारच्या दोन स्टडमधली मोकळी जागा २० वजा १२, म्हणजे ८ एलडीयू. प्लेटची जाडीही ८. पडद्यावर प्लेट उभी करून स्टडमध्ये खोचली तर फट शून्य. खऱ्या तुकड्यांत मात्र ही जोडणी ताण देते आणि कंपनीच्या डिझायनरांच्या नियमात बसत नाही. पडद्यावर जुळले म्हणजे हातात जुळेल, असे तिथेही धरता येत नाही.

टक्कर-तपासणी बंदच ठेवा?

ती बंद करण्याची खरी गरज मला एकाच प्रकारच्या कामात पडते. एलडीरॉची ब्रिक पूर्ण २० एकक रुंद असते, खऱ्या ब्रिकची ०.१ मिमीची सूट तिच्यात नाही. त्यामुळे वर सांगितलेली गोल भिंत पडद्यावर रचताना शेजारच्या ब्रिकचे कोपरे एकमेकांत घुसलेले दिसतात, हातात त्या सुखाने बसत असल्या तरी. तेवढी भिंत मी उपमॉडेलमध्ये घेतो, तपासणी बंद करून रचतो, आणि मुख्य मॉडेलमध्ये परतण्याआधी ती पुन्हा चालू करतो. बाकी कुठेही टक्कर दाखवून तुकडा लाल झाला तर तो आधी निवडतो आणि त्याच्या जागेचे तीन आकडे वाचतो.