विकतचे स्टार

लातूरच्या आडतीत सोयाबीनची ओल बघितल्याशिवाय कुणी भाव बोलत नाही. आणि आपली नांदेड-संभाजीनगरची इंजिनिअरिंगची पोरं गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या-वाटायच्या साइटवर, एखाद्या प्रकल्पाला पाच हजार स्टार (लोकांनी दिलेली पसंतीची खूण) दिसले की डोळे झाकून कोड उतरवून घेतात! अरे, स्टार विकत मिळतात. देणाऱ्यांची यादी उघडा: एकाच आठवड्यात काढलेली खाती, फोटो नाही, स्वतःचा एक रेपो (कोडचा साठा) नाही, फॉलोअर शून्य. गिटहबच्या एपीआयमधून (प्रोग्रामने माहिती मागवायची सोय) प्रत्येक स्टारची तारीख मिळते. दोन दिवसांत हजार आणि पुढे महिनाभर शुकशुकाट, फोर्क (इतरांनी आपल्या खात्यात घेतलेल्या प्रती) चार, इश्यू (वापरणाऱ्यांनी नोंदवलेल्या तक्रारी-सूचना) एकही नाही? प्रकल्प कुठे बातमीत झळकला नसेल, तर तो फुगवलेलाच समजा. खऱ्या वापरातल्या कोडवर तक्रारी येतातच! गेम चीट, क्रॅक, क्रिप्टो बॉट अशा नावांखाली पासवर्ड चोरणारे प्रोग्राम याच स्टारांच्या आडून पसरवलेत, चीड त्याची येते.