लाळ अल्कधर्मी असली की दात किडत नाहीत?

"ज्याची लाळ अल्कधर्मी, त्याची बत्तीशी शाबूत. लिटमस कागद जिभेवर ठेवून बघा. लाळ आम्लधर्मी निघाली तर रोज सकाळी लिंबूपाणी तोंडात घोळवून प्या. आठवड्यात लाळ बदलेल, मग गोड खाल्लं तरी कीड लागणार नाही." हा मेसेज महिन्याभरात तीन पेशंटनी मला दाखवला. दातांची डॉक्टर म्हणून त्याला उत्तर देणं मला भाग आहे.

लाळेचा आणि किडीचा संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. जिभेच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलेले एक काका माझ्याकडे येतात. तपासायला आरसा तोंडात घातला की तो गालाला आतून चिकटतो, अलगद सोडवावा लागतो. साठीपर्यंत त्यांचा एकही दात किडला नव्हता. रेडिएशननंतर दीड वर्षात हिरडीच्या कडेने एकेक दात काळा पडून तुटत गेला. लाळग्रंथी निकामी झाल्या की असं होतं. म्हणजे आधी बघायचं ते लाळ पुरेशी सुटते का. अ‍ॅलर्जीच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनीही ती कमी होते.

आता तो लिटमस कागद. लाळेत आम्ल मारणारं बायकार्बोनेट असतं आणि लाळ जितकी भरभर सुटते तितकं ते वाढतं. त्यामुळे उठल्याउठल्या कागद एक सांगेल, भाकरी चावून झाल्यावर दुसरंच. शिवाय कीड जिभेवर लागत नाही. दाताला चिकटलेल्या जंतूंच्या थरात साखरेचं आम्ल होतं. तिथला पीएच (आम्लता मोजायचा आकडा: ७ म्हणजे मध्यम, त्याखाली आम्ल) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधली, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थरातली, खनिजं विरघळू लागतात, आणि त्याच वेळी जिभेवरची लाळ ७ दाखवू शकते. माणसामाणसांत फरक असतो, नाही असं नाही. कुणाच्या लाळेत कॅल्शियम-फॉस्फेट जास्त, त्याचे दात थोडं अधिक सोसतात. पण हे कागदावर कळत नाही.

लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास. आंबटाने लाळ सुटते, काही मिनिटं अल्कधर्मीही होते, आणि मग पूर्ववत. रोज घोळवलेल्या लिंबाने इनॅमल मात्र झिजतं, आणि झिजलेलं इनॅमल परत येत नाही.

"मग गोड खाल्लं तरी" हे वाक्य मला सगळ्यात खटकलं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या बाउरल गावी होपवुड हाउस नावाचं बालगृह होतं. तिथल्या मुलांना साखर जवळजवळ मिळतच नसे. दात घासण्यात ती काही विशेष नव्हती, तरी १९४० आणि ५० च्या दशकांत झालेल्या तपासण्यांत त्यांच्या दातांत कीड फार कमी आढळली. पुढे तीच मुलं बाहेर पडून इतरांसारखं खाऊ लागली, आणि त्यांचे दात इतरांसारखेच किडू लागले. त्यांची लाळ बदलली नव्हती, ताट बदललं होतं.

त्या काकांनाही हा मेसेज त्यांच्या मुलानेच पाठवला होता. मी त्यांना म्हटलं, "काका, लिंबू अजिबात नको. ते धुऊन न्यायला तुमच्या तोंडात लाळच उरलेली नाही." सध्या ते उशाशी पाण्याची बाटली ठेवतात, दर दोन घासांमागे घोटभर पाणी पितात आणि जास्त फ्लोराइडची, मी लिहून दिलेली पेस्ट वापरतात. खालचे सहा दात अजून टिकून आहेत.